जमिनीने आखलेली वाट : स्पा-फ्राँकोरशाँ



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांची सारी नोकरी रस्ते आखण्यात आणि बांधण्यात गेली. म्हणून मोटारशर्यतीवर बोलायचे ठरले तेव्हा शर्यत जिंकणाऱ्यांपेक्षा शर्यतीच्या रस्त्याबद्दल बोलावे असे मला वाटले. बेल्जियमच्या पूर्वेला, आर्डेन नावाच्या जंगली, डोंगराळ मुलखात स्पा-फ्राँकोरशाँ हा मार्ग आहे. लांबी सात किलोमीटर आणि वर चार मीटर. फॉर्म्युला वनच्या आजच्या वेळापत्रकातला हा सर्वांत लांब मार्ग. त्याच्या सर्वांत उंच आणि सर्वांत सखल जागेत सुमारे शंभर मीटरचा फरक आहे. ज्यांनी इथे गाडी चालवली त्यांतले बहुतेक जण आवडत्या मार्गांत त्याचे नाव घेतात, आणि ज्यांनी त्याचा मनापासून तिरस्कार केला त्यांतले काही जण तिथे पुन्हा पुन्हा जिंकले.

एखाद्या मार्गाला स्वभाव असतो असे आपण म्हणतो, तेव्हा तो येतो कुठून? स्पाच्या बाबतीत माझे उत्तर ठाम आहे. तो जमिनीतून आला, ओढ्यातून आला आणि पुसल्या गेलेल्या एका सरहद्दीतून आला. पुढच्या शंभर वर्षांत ज्यांनी ज्यांनी या मार्गात बदल केले, त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता : माणसे मरू नयेत आणि जमिनीचे म्हणणेही पुसले जाऊ नये, हे कसे साधायचे?

सुरुवात सरहद्दीपासूनच करतो. या डोंगरात ओ रूज नावाचा एक लहानसा ओढा वाहतो. इथल्या मातीत लोह आहे, त्यामुळे त्याच्या पाण्याला तांबूस झाक येते. पहिल्या महायुद्धापर्यंत या भागात हा ओढा म्हणजे दोन देशांमधली सीमा होती. अलीकडे बेल्जियम, पलीकडे प्रशिया. मालमेडी हे गाव 1815 पासून प्रशियाकडे होते, तर फ्राँकोरशाँ आणि स्ताव्हलो बेल्जियमकडे. व्हर्सायच्या तहाने 1920 मध्ये मालमेडी बेल्जियमला मिळाले आणि ओढ्यावरचे जकातीचे ठाणे निकामी झाले. त्याच 1920 मध्ये झूल द तियेर या वृत्तपत्रमालकाने आणि आंरी लाँग्ल्वा व्हान ओफेम या शर्यतप्रेमी गृहस्थाने फ्राँकोरशाँ, मालमेडी आणि स्ताव्हलो या तीन गावांना जोडणारे रस्ते बघून ठरवले की शर्यतीसाठी त्रिकोण तयारच आहे. नवे काही बांधायचे नव्हते. गावकरी ज्यावरून बाजाराला जात, तेच सुमारे पंधरा किलोमीटरचे रस्ते त्यांनी निवडले. सरहद्द राहिली असती तर हा त्रिकोण कधीच जुळला नसता, कारण त्याचा एक कोपरा परक्या देशात होता.

1921 मध्ये मोटारींची पहिली शर्यत जाहीर झाली आणि नाव नोंदवले फक्त एका गाडीने. ती शर्यत रद्द झाली. त्या वर्षी मोटारसायकलीच धावल्या. 1922 मध्ये मोटारी आल्या, 1924 मध्ये चोवीस तासांची शर्यत सुरू झाली आणि ती आजही भरते. 1925 मध्ये पहिली ग्रां प्री झाली.

त्या काळी ओढ्यावरचा पूल ओलांडला की रस्ता डावीकडे वळून जुन्या जकातनाक्यापर्यंत चढायचा, तिथे हेअरपिन वळण घ्यायचा आणि मग वरच्या गावरस्त्याला मिळायचा. 1939 मध्ये हा वळसा तोडून पुलापासून थेट टेकडीवर चढणारा तुकडा बांधला गेला. त्याचे नाव रेदियाँ. आज जगभर ज्या चढाची चित्रे लावली जातात तो हाच. त्यामागचा हेतू साधा होता : वळसा टाळायचा आणि वेग वाढवायचा. अभियंत्यांनी टेकडी कापून सपाट केली नाही, रस्ता टेकडीवर टाकला. त्याच वर्षी पावसात झालेल्या ग्रां प्रीमध्ये मर्सिडीजचा रिचर्ड सीमन झाडावर आदळून जळाला आणि गेला.

मग दुसरे महायुद्ध. डिसेंबर 1944 मध्ये जर्मनांनी आर्डेनमध्ये जो शेवटचा मोठा हल्ला केला त्याचे रणांगण हाच मुलूख होता. मालमेडीजवळ अमेरिकन युद्धकैद्यांची कत्तल झाली. स्ताव्हलोहून फ्राँकोरशाँकडे येणाऱ्या रस्त्यालगत, म्हणजे शर्यतीच्या परतीच्या बाजूला, अमेरिकन सैन्याचा पेट्रोलचा प्रचंड साठा होता. जर्मन रणगाड्यांना तो मिळू नये म्हणून डबे फोडून रस्त्यावरच आगीची भिंत उभारली गेली. या मार्गाच्या इतिहासात मी हे मुद्दाम सांगतो. तो मैदानात वेगळा राखून ठेवलेला पट्टा नव्हता, लोकांच्या वापरातला रस्ता होता, आणि त्या लोकांच्या वाट्याला जे आले ते रस्त्याच्याही वाट्याला आले.

1950 मध्ये फॉर्म्युला वनची विश्वविजेतेपदाची मालिका सुरू झाली तेव्हा पहिल्याच वर्षी स्पा तिच्यात होता आणि तिथे फांजिओ जिंकला. तेव्हाचा मार्ग चौदा किलोमीटरचा. तो डोळ्यांपुढे आणायचा तर असा : उतारावरच्या सरळ पट्ट्यावरून खाली ओढ्यापर्यंत, तिथून रेदियाँचा चढ, मग जंगलातून ले कोम्बच्या माथ्यापर्यंत. तिथे डावीकडे वळून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचे, ब्युर्ननव्हिलच्या घरांना वळसा घालायचा, मालमेडीजवळून परत फिरायचे आणि मास्टाच्या लांबच लांब सरळ रस्त्याला लागायचे. या सरळ रस्त्याच्या मध्यावर घरे होती आणि त्यांच्यामधून रस्ता जेमतेम डावीकडे, लगेच उजवीकडे मुरडायचा. अडीचशेच्या वर वेग असताना ही मुरड घ्यायची. पुढे स्ताव्हलो, आणि तिथून जंगलातून चढत परत. इतक्या मोठ्या फेरीत खऱ्या अर्थाने हळू वळण एकच, ला सूर्स. बाकी सगळीकडे गाडी धावतच राहायची. कडेला शेताची कुंपणे, विजेचे आणि तारांचे खांब, घरांच्या पायऱ्या.

या जुन्या स्पाबद्दल भक्तिभावाने बोलणारे पुष्कळ आहेत. तेव्हाचे चालक खरे शूर, आताचा मार्ग म्हणजे खेळणे, असे ते म्हणतात. मला हे पटत नाही, आणि इतक्या सौम्य शब्दांत सांगून भागणारही नाही. 1960 च्या एकाच शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो आणि ॲलन स्टेसी हे दोन तरुण ब्रिटिश चालक गेले. ब्रिस्टोचा ताबा सुटला; स्टेसीच्या तोंडावर धावत्या गाडीत पक्षी आदळला. त्याआधी सरावातच स्टर्लिंग मॉस आणि माइक टेलर गंभीर जखमी झाले होते. ब्रिस्टोच्या अपघाताच्या जागेवरून त्याच शर्यतीत जिम क्लार्क गेला होता. जे त्याने पाहिले त्यानंतर त्याला हा मार्ग कधीच आवडला नाही. तरीही 1962 ते 1965 अशी सलग चार वर्षे तो इथे जिंकला. ज्याला मार्ग मनापासून नकोसा होता तोच त्याच्यावर सर्वांत मोठी हुकमत गाजवून गेला. क्लार्कचे मोठेपण मला त्या विजयांइतकेच त्या नावडीतही दिसते, कारण आपण काय करत आहोत हे त्याला नीट कळत होते.

1966 मध्ये शर्यत सुटली तेव्हा सुरुवातीच्या जागी रस्ता कोरडा होता आणि खोऱ्याच्या पलीकडे मुसळधार पाऊस. पहिल्याच फेरीत जवळजवळ निम्म्या गाड्या बाद झाल्या. मास्टाजवळ जॅकी स्टुअर्टची बीआरएम रस्ता सोडून गेली आणि खाली जाऊन अडकली. स्टुअर्ट आत जखडलेला, पेट्रोलची टाकी फुटून अंगावर पेट्रोल, एक ठिणगी पडली असती तर संपलेच. त्याला सोडवले कुणी? मार्गावरच्या मदतपथकाने नव्हे. त्याच ठिकाणी घसरलेल्या ग्रॅहम हिल आणि बॉब बाँडुरंट या दोन चालकांनी, एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणून, स्टिअरिंग काढून त्याला बाहेर ओढले. पुढे स्टुअर्ट गाडीत पाना चिकटवूनच शर्यतीला उतरू लागला. कठडे हवेत, डॉक्टर हवेत, रुग्णवाहिका हवी, सीटबेल्ट हवा, असा धोशा त्याने लावला. त्याला भित्रा म्हटले गेले. तो तीनदा विश्वविजेता झाला, आणि त्याच्या विजेतेपदांपेक्षाही हा धोशा या खेळाला अधिक उपयोगी पडला असे मी मानतो.

सुरक्षेच्या मागण्या मान्य न झाल्यामुळे 1969 ची शर्यत चालकांनी होऊ दिली नाही. 1970 मध्ये जुन्या मार्गावर शेवटची ग्रां प्री झाली. पेद्रो रोद्रिगेस जिंकला आणि त्याचा सरासरी वेग ताशी 240 किलोमीटरच्या आसपास होता. सरासरी, हे लक्षात घ्या. शेतांच्या आणि घरांच्या मधून. त्यानंतर फॉर्म्युला वन तिथून निघून गेली.

आता प्रश्न होता तो आमच्या स्मरणीय अभियंत्यांच्या आवडीचा. असा मार्ग सोडून द्यायचा की सुधारायचा? आणि सुधारायचा तर काय ठेवायचे? 1979 मध्ये जे उत्तर तयार झाले ते रस्ताबांधणीतले एक अतिशय समंजस काम आहे. जुन्या त्रिकोणाची मालमेडी आणि मास्टाकडची, सर्वांत घातक बाजू सोडून दिली. ले कोम्बच्या माथ्यावरून जुना रस्ता पलीकडच्या खोऱ्यात उतरत असे. नवा तुकडा तिथून उजवीकडे वळून अलीकडच्याच उतारावरून खाली नेला आणि स्ताव्हलोच्या अलीकडे, ब्लांशिमाँ या वळणाच्या आधी जुन्या रस्त्याला जोडला. लांबी निम्म्यावर आली. पण ओढा राहिला, चढ राहिला, जंगल राहिले, आणि नवा तुकडा जुन्याच्याच चालीने टेकडीच्या अंगावरून उतरतो. आज नवखा माणूस नकाशा बघून कुठला भाग 1920 चा आणि कुठला 1979 चा हे ओळखू शकणार नाही. 1983 मध्ये फॉर्म्युला वन परत आली आणि ॲलेन प्रोस्ट जिंकला. 1985 मध्ये नवे डांबर गाड्यांच्या चाकांखाली उखडले आणि जूनमधली शर्यत सप्टेंबरवर गेली. डांबराला बसायला वेळ द्यावा लागतो हे इथे जमलेल्या मंडळींना सांगायला नको.

आजची एक फेरी आपण मनाने मारू. सुरुवातीची रेषा, लगेच ला सूर्सचे उजवे हेअरपिन. तिथून उतार लागतो आणि गाडी ओढ्याकडे झेपावते. ज्यांनी पावसाळ्यात वरंधा घाट उतरला आहे त्यांना खालच्या मोरीवर गाडी दबते आणि पुढच्या चढाला पुन्हा उचलली जाते तो क्षण माहीत असेल. ओ रूजला तेच घडते, पण ताशी 300 च्या जवळ. तळाशी डावी मुरड, चढताना उजवी, आणि माथ्यावर पुन्हा डावी. तळाला गाडी आणि चालक दोघेही जमिनीत दाबले जातात. माथ्यावर उलट होते, गाडी हलकी होते, चाकांची पकड सैल पडते, आणि नेमके तिथेच वळायचे असते. पलीकडे काय आहे ते दिसत नाही, समोर फक्त आभाळ असते. आजच्या गाड्या कोरड्या रस्त्यावर इथे पाय न उचलता जातात, म्हणून काही जण म्हणतात की आता यात काही उरले नाही. चालकांना विचारावे. पावसात, जुन्या टायरवर, टाकी भरलेली असताना हाच चढ वेगळा असतो.

माथ्यावरून केमेलचा लांब सरळ पट्टा, त्याच्या टोकाला ले कोम्ब. इथवर चढ. तिथून उतार सुरू होतो, आणि फेरीचा रागरंगच बदलतो. उजवीकडे खाली वळत जाणारे लांब वळण, मग पूओंचे दुहेरी डावे. पूओं हे माझ्या मते या मार्गातले सर्वोत्तम वळण आहे. उतारावर, प्रचंड वेगात, एकदा घुसलो की दुसऱ्या अर्ध्यापर्यंत धीर धरून राहावे लागते. ओ रूजची कीर्ती त्याच्या दिसण्यामुळे झाली. पूओंचे मोल चालकाच्या मानेला आणि मनगटाला कळते. पुढे फान्य, मग स्ताव्हलो. तिथल्या वळणाला पॉल फ्रेरचे नाव दिले आहे. पॉल फ्रेर हा बेल्जियन पत्रकार, आणि 1956 मध्ये याच मार्गावरच्या ग्रां प्रीमध्ये दुसरा आलेला चालक. स्ताव्हलोपासून पुन्हा जुन्या रस्त्याने, ब्लांशिमाँच्या डाव्या वळणातून पाय न उचलता, शेवटच्या शिकेनपर्यंत.

जमिनीने इथे एक कोडे घालून ठेवले आहे. फेरीचा पहिला आणि शेवटचा भाग जवळजवळ सरळ, पूर्ण वेगाचा. मधला भाग वळणावळणाचा. गाडीच्या पुढच्या-मागच्या विंग जास्त तिरक्या ठेवल्या तर हवा गाडीला खाली दाबते, वळणात पकड वाढते, पण सरळ पट्ट्यावर हवेचाच अडथळा होतो. विंग कमी ठेवली तर केमेलवर गाडी सुसाट, पण पूओंमध्ये सरकते आणि टायर झिजतात. मोंझासारख्या मार्गावर हा प्रश्न पडत नाही, तिथे विंग कमी ठेवायची हे सगळ्यांना माहीत असते. मोनॅकोला पूर्ण विंग. स्पाला प्रत्येक संघाला निवड करावी लागते आणि त्या निवडीत त्यांना स्वतःची गाडी कशी वाटते ते उघड होते. पुण्यामुंबईत अभियांत्रिकीची मुले हल्ली स्पर्धेसाठी छोट्या शर्यतगाड्या बांधतात. त्यांनी हे कोडे जरूर सोडवून पाहावे.

याच कोड्यातून स्पाच्या सर्वांत गाजलेल्या चाली निघाल्या. 2000 मध्ये मीका हाक्किनेन शूमाकरच्या मागे होता. एका फेरीत शूमाकरने केमेलच्या टोकाला त्याचा रस्ता बंद केला. पुढच्या फेरीत तिथे एक फेरी मागे पडलेला रिकार्दो झोंटा मधोमध सापडला. शूमाकर त्याच्या डावीकडून गेला, हाक्किनेन उजवीकडून, तिन्ही गाड्या एका ओळीत, आणि ले कोम्बला हाक्किनेन पुढे. त्या जागेवरून मागे जाऊन कारण शोधले तर ते ओढ्यापाशी सापडते. ओ रूज आणि रेदियाँ ज्याने स्वच्छ घेतले त्याला पुढच्या गाडीच्या मागची विरळ हवा मिळते आणि केमेलवर तो खेचला जातो. म्हणून स्पाला पहिल्या फेरीत किंवा सेफ्टी कारनंतर, म्हणजे धोका असताना सर्वांपुढे संथ चालणारी गाडी बाजूला झाल्यावर, आघाडीवर असणे हा तोटाही ठरतो. 2025 मध्ये लँडो नॉरिस पहिला सुटला आणि ऑस्कर पियास्त्रीने त्याला अशाच रीतीने केमेलवर गाठून मागे टाकले.

2009 चे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. भारतीय परवान्यावर धावणाऱ्या फोर्स इंडिया संघाला तोवर एकही गुण मिळाला नव्हता. त्यांची गाडी कमी विंगवर वेगवान होती, म्हणजे या मार्गाच्या कोड्याचे उत्तर तिच्या बांधणीतच होते. जिआनकार्लो फिझिकेलाने तिच्यावर पोल पोझिशन, म्हणजे सर्वांत पुढून सुटण्याची जागा, मिळवली. सेफ्टी कार बाजूला झाल्यावर किमी रायकोनेनने केमेलवर त्याला मागे टाकले, पण फिझिकेला शेवटपर्यंत त्याला चिकटून राहिला आणि दुसरा आला. आपल्याकडे रविवारच्या संध्याकाळी ज्यांनी ती शर्यत पाहिली त्यांना अजून ती आठवते.

पावसाचे सांगितलेच पाहिजे. सात किलोमीटरच्या मार्गावर एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला सरी, हे इथे नेहमीचे. टायर कोणते लावायचे याचे बरोबर उत्तर कधी कधी नसतेच. 1998 मध्ये सुटल्यासुटल्या पावसात डझनभर गाड्या एकमेकींवर आदळल्या. 2021 मध्ये तर हजारो प्रेक्षक दिवसभर पावसात बसून राहिले, गाड्यांनी सेफ्टी कारच्या मागे मोजक्या फेऱ्या मारल्या आणि अर्धे गुण वाटले गेले. शर्यत न घेण्याचा निर्णय योग्य होता, कारण माथ्यावर फवाऱ्यात काहीच दिसत नव्हते. फेऱ्या मारल्याचे दाखवून निकाल जाहीर करणे मात्र त्या भिजलेल्या लोकांवर अन्याय होता, आणि गुणांचे नियम पुढे बदलले गेले हे बरेच झाले.

जमिनीने न आखलेल्या मार्गाचे उदाहरण आपल्याकडेच आहे. ग्रेटर नोएडाला 2011 मध्ये बुद्ध सर्किट झाले. सपाट शेतजमीन होती, तिच्यावर मातीचे भराव टाकून हेरमान टिल्के यांनी चढउतार तयार केले. चालकांना तो मार्ग आवडला, विशेषतः मधले लांबत जाणारे वळण. त्याला नावे ठेवायची मला अजिबात गरज वाटत नाही. कोऱ्या जमिनीवरही चांगला मार्ग होतो. पण तिथे फॉर्म्युला वन तीनच वर्षे आली. कागदावर उत्तम जमलेल्या मार्गालाही आजूबाजूचे गाव आणि वर्षानुवर्षे येणारी माणसे लागतात. फ्राँकोरशाँमध्ये मात्र 2000 सालापर्यंत मार्गाचा काही भाग रोजच्या वाहतुकीला खुला होता. ज्या चढावर सेन्नाने गाडी चालवली त्याच चढावरून दूधवाल्याची गाडीही जात असे.

31 ऑगस्ट 2019. फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची, फॉर्म्युला टूची शर्यत, दुसरी फेरी. रेदियाँच्या माथ्यापलीकडे फ्रान्सचा आंत्वान ह्यूबेर कठड्यावर आदळला आणि त्याची गाडी उसळून पुन्हा रस्त्यालगत आली. मागून येणाऱ्या हुआन मान्युएल कोरेआला माथ्यामुळे पुढचे वेळेत दिसले नाही. ह्यूबेर गेला, बावीस वर्षांचा. कोरेआच्या पायांना भयंकर इजा झाली. मुंबईचा जेहान दारूवाला त्या वर्षी त्याच आठवड्याअखेर फॉर्म्युला थ्रीसाठी तिथे होता. पुढे फॉर्म्युला टूमध्ये तोही याच चढावरून गेला.

त्यानंतर 2022 मध्ये जे काम झाले ते मला 1979 च्या कामाइतकेच महत्त्वाचे वाटते. रेदियाँचा चढ आणि मुरड तशीच ठेवली. कठडे मागे सरकवले, बाहेरची जागा वाढवली, आणि अनेक वळणांबाहेर डांबराच्या जागी पुन्हा बारीक खडीचे थर आणले. डांबराच्या मोकळ्या जागेत चूक करणारा काही न गमावता परत येतो; खडीत रुतला तर शर्यत संपते. म्हणजे सुरक्षा वाढली आणि चुकीची किंमतही परत आली. आदळलेली गाडी रस्त्यावर उसळून परत येऊ नये, हा खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर रस्ता सपाट करण्यात नव्हते. तरी 2023 च्या जुलैमध्ये केमेलच्या पट्ट्यावर पावसात डिलानो फान्ट होफ हा अठरा वर्षांचा डच मुलगा गेला. उडणाऱ्या पाण्यात मागच्याला पुढचा दिसत नाही, ही अडचण कठड्यांनी सुटत नाही. तिथे शर्यत थांबवणाऱ्याचा निर्णयच लागतो, आणि तो निर्णय लवकर घ्यावा लागतो.

सध्याच्या करारानुसार स्पा 2031 पर्यंत वेळापत्रकात आहे, पण 2028 आणि 2030 ही दोन वर्षे वगळून. शर्यतींसाठी रांगेत उभे असलेले देश अनेक, आणि जास्त पैसा देणारेही. आर्डेनमधल्या लहान गावांना हे परवडेनासे होत जाणार हे दिसतेच आहे. माझे मत विचाराल तर मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेने जसे नवे मार्ग तपासण्याचे निकष ठरवले आहेत, तसेच जुने मार्ग राखण्याचेही ठरवावेत. कुठला रस्ता किती बदलायचा आणि कुठला तुकडा हात न लावता ठेवायचा, हे लेखी असावे. आणि ते लिहिणाऱ्यांच्या समितीत शर्यत भरवणाऱ्यांबरोबर डोंगरात रस्ता बांधलेला एक तरी अभियंता असावा.